पाच पात्यांची गिरणी

लेस्टरचं घर विकून आम्ही लिंकनशरमधल्या या खेड्यात राहायला आलो तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. माझ्या नवऱ्याला इथल्या एका भाजीपाला पॅक करणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्सची नोकरी मिळाली होती, आणि हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पंचवीस वर्षं रक्त तपासून मलाही पुरे झालं होतं. लेस्टरला घराबाहेर पाऊल टाकलं की मेथीची जुडी मिळायची आणि बस स्टॉपवर कुणीतरी मराठीत हाक मारायचं. इथे चारी बाजूंना कोबी, बटाटा आणि बीटाची सपाट शेतं, गावात एक दुकान, एक चर्च, एक फिश अँड चिप्सवाला. आणि वारा. मधे टेकडी नाही की झाडी नाही, त्यामुळे तो कुठे अडतच नाही. पहिल्याच आठवड्यात माझ्या दोन उशांचे अभ्रे चिमट्यांसकट शेजाऱ्याच्या शेतात गेले.

या वाऱ्यावर चालणारी एक गिरणी आमच्या किचनच्या खिडकीतून दिसते. डांबर फासलेल्या विटांचा काळा उंच मनोरा, वर कांद्याच्या आकाराची पांढरी टोपी आणि तिला पाच पांढरी पाती. पूर्वी या काउंटीत गावोगाव अशा पवनचक्क्या होत्या. आता बहुतेकांची टोपी आणि पाती गेली आहेत, नुसते धुराड्यासारखे बुंधे उभे आहेत. काहींत माणसं राहतात, काहींत कबुतरं. अजून दळणाऱ्या अगदी थोड्या उरल्यात, त्यातली ही एक. गावातलेच व्हॉलंटियर ती चालवतात आणि तिचं पीठ विकून तिचा रंग-दुरुस्तीचा खर्च भागवतात.

शेजारीपाजारी भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, "मिल बघितलीत का?" मी म्हणायची, "जाऊ एकदा." असे आठ महिने गेले. हे दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा पिठाची पिशवी घेऊन आले, आणि दोन्ही वेळा मी काहीतरी कारण सांगून घरी राहिले.

कारण एवढंच होतं की गिरणीच्या आत पाय ठेवायची मला इच्छा नव्हती. मी गिरणीवाल्याची मुलगी. बार्शीला मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत अण्णांची पिठाची गिरणी होती. एक दगड गव्हाचा, एक ज्वारी-बाजरीचा. आमचं घर तिच्याच मागच्या दोन खोल्यांत. शाळेत निघताना आई माझ्या वेण्या झटकून द्यायची, तरी वर्गात पोचेपर्यंत दप्तरावर, पापण्यांवर, कानामागे पीठ असायचंच. मुली मला 'पिठी' म्हणायच्या. आज हे फार मोठं वाटत नाही, पण तेव्हा मी रोज मनात ठरवायची की इथून लांब जायचं, जिथे सगळं स्वच्छ आणि काचेचं असेल अशा ठिकाणी. लॅबमध्ये नोकरी मिळाली तेव्हा पांढरा कोट घालून मी आरशात किती वेळ बघत होते. लेस्टरच्या मराठी मंडळात कुणी माहेरची चौकशी केली की मी म्हणायची, "वडिलांचा बिझनेस आहे." माझ्या लेकीलाही मी तेच सांगितलं होतं. ह्यांना अर्थातच सगळं ठाऊक होतं, लग्न ठरवायला ते गिरणीतच आले होते. पण त्यांनी कधी मला तोंडावर पाडलं नाही.

मे महिन्यात लेक बेसिंगस्टोकहून वीकेंडला आली. तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती काम करते. जन्म लेस्टरचा, मराठी तिच्या पद्धतीने बोलते. शनिवारी सकाळी पाती फिरताना बघून तिने माझ्या हातातला कपच काढून घेतला. "आई, चल ना. इतका जवळ आहे आणि तू गेली नाही? That's ridiculous." तिच्यापुढे माझी कारणं टिकली नाहीत.

आम्ही तिघं आत शिरलो तर सगळी इमारत थरथरत होती. जोरात नाही, मांजराने मांडीवर बसून गुरगुरावं तेवढीच. शिडीसारख्या उभ्या जिन्याने आम्ही पहिल्या मजल्यावर गेलो. तिथे वरच्या मजल्यावरच्या दगडांतून पीठ लाकडी पन्हळीने खाली येऊन पोत्यात पडत होतं. शेजारी मिलर, म्हणजे गिरणी चालवणारा, उभा होता, सहा-सात पाहुण्यांना माहिती देत. उंच, हडकुळा, शहात्तर वर्षांचा, भुवयांवर पिठाची साय. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि गेली तीस वर्षं फुकट ही गिरणी चालवतोय, असं तो नुकतंच सांगत होता.

मला मात्र त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. जिना चढतानाच मला एक वास आला होता. पीठ तापल्याचा वास. भाजल्यासारखा, किंचित कडवट. ज्याने तो लहानपणी रोज घेतला आहे त्याला तो दुसऱ्या कशाचा वाटूच शकत नाही. मी पाहुण्यांच्या मधून पुढे गेले, पन्हळीखाली हात धरला आणि आलेलं पीठ अंगठा आणि बोटात चोळलं. हे सगळं मी ठरवून केलं नाही, हात आपोआप गेला.

"Madam, please," मिलर म्हणाला. "पन्हळीत हात घालायचा नाही."

"सॉरी," मी म्हणाले. आणि मग तोंडातून निघूनच गेलं, "पण तुमचे दगड फार जवळ आलेत. पीठ जळतंय."

 मिलरने माझ्याकडे बघितलं, मग स्वतः पन्हळीखाली हात धरला, चोळलं, हुंगलं. त्याने डोक्यावरच्या तुळईतला, दगडांमधलं अंतर राखणारा स्क्रू दोन आटे फिरवला. वरचा आवाज बदलला, घरघरीतला खरखरीतपणा गेला. थोड्या वेळाने पडलेलं पीठ त्याने पुन्हा चोळून पाहिलं.

"कुठे शिकलात?" त्याने विचारलं.

लेक शेजारी उभी होती, हे मागे उभे होते. खोटं सांगायला जागाच नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी इच्छाही नव्हती.

"माझ्या वडिलांची गिरणी होती. मी तिथेच वाढले."

"काय?" लेक ओरडली. "आजोबांचा गिरणी होती? तू सांगितलाच नाही! तू म्हणाली बिझनेस!"

"गिरणी म्हणजे बिझनेसच की," हे म्हणाले, आणि इतके हसले की पाहुणेही हसायला लागले.

परत येताना लेकीने वाटभर प्रश्न विचारले. आजोबा पीठ कसं मोजायचे, माणसं डबे ठेवून जायची तर कुणाचा डबा कुठला हे कसं कळायचं, मी मदत करायची का. मी सांगत गेले. शेवटी 'पिठी'चंही सांगितलं. ती म्हणाली, "आई, त्या मुली mean होत्या. पण तू पण थोडी mean होती. आजोबांना." ती हे अगदी सहज बोलली, आणि मला ते लागलं, कारण ते खरं होतं.

पुढच्या गुरुवारी मिलरचा फोन आला. नंबर त्याने ह्यांच्याकडून घेतला होता. "व्हॉलंटियरची कमतरता आहे," तो म्हणाला. "आणि ज्याला वासावरून दगड कळतो असा तर एकही नाही." मी म्हणाले, विचार करून सांगते. फोन ठेवला आणि लगेच जुनी जीन्स शोधायला लागले.

त्या उन्हाळ्यात मी वारा शिकले. अण्णांच्या गिरणीत बटण दाबलं की मोटार सुरू व्हायची. इथे सकाळी आधी बाहेर उभं राहून ढग बघायचे, शेतापलीकडच्या पॉप्लरच्या रांगेत कुठलं झाड आधी हलतं ते बघायचं. टोपी आपोआप वाऱ्याकडे तोंड करते, तिच्या मागे एक छोटा पंखा असतो तो ते काम करतो. पण पात्यांना झडपा असतात, खिडकीच्या झडपांसारख्या, त्यांची उघडझाप आपण करायची. मागून एक लांब साखळी लोंबते, ती ओढली की पाचही पात्यांच्या झडपा एकदम मिटतात आणि पाती वारा धरतात. उलटी ओढली की झडपा उघडतात, वारा आरपार जातो आणि गिरणी मंदावते. मिलर फार बोलायचा नाही. चुकलं की फक्त "हम्म" म्हणायचा, आणि तो "हम्म" कुठल्या सुरात आहे त्यावरून चूक केवढी ते मला कळायला लागलं. हेही हळूहळू ओढले गेले. खाली पीठ विकायच्या काउंटरवर शनिवारी ते बसायला लागले आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला ब्रेड कसा करावा ते सांगायला लागले. ह्यांनी आयुष्यात ब्रेड केलेला नाही.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी मला गिरणीची भीती म्हणजे काय ते कळलं. दिवस चांगला होता, वारा बेताचा, बारा-पंधरा माणसं बघायला आली होती. तीनच्या सुमाराला पश्चिमेला एक ढग चढला, शिशाच्या रंगाचा. मिलर म्हणाला, "झडपा उघडून घेतो," आणि दुसऱ्या मजल्याच्या बाहेर मनोऱ्याभोवती जो लाकडी सज्जा आहे तिथे गेला. तो दाराबाहेर पडतो न पडतो तोच वाऱ्याचा झोत आला. पायाखालची फळी हादरली. दगडांचा आवाज चढत चढत शिट्टीसारखा झाला.

बाहेरून मिलर ओरडला, "साखळी अडकलीय!"

वाऱ्याने साखळी उडवून सज्ज्याच्या कठड्याला गुंडाळली होती. म्हणजे झडपा मिटलेल्या आणि पाती पूर्ण वाऱ्यात. ब्रेक लावून चालणार नव्हतं. एवढ्या वेगात ब्रेकचं लाकूड चाकावर घासून पेट घेऊ शकतं, हे त्याने मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. दुसरी गोष्टही बजावली होती. गिरणी सुटली तर दगडांना खायला घालायचं. धान्य जितकं जास्त, तितकं ओझं जास्त, तितका वेग कमी. आणि दगड उपाशी राहिले तर एकमेकांवर घासून ठिणग्या उडतात, आणि जिथे हवेत पीठ असतं तिथे ठिणगी नको.

मी पहिल्या मजल्यावर होते. धान्य सोडायची दोरी ढिली केली, ओझं वाढावं म्हणून स्क्रू फिरवून दगड जवळ आणले. मग जिना चढून दगडांच्या मजल्यावर गेले. दगडांवरच्या लाकडी पेटीत गहू भराभर खाली चालला होता, मधे खड्डा पडला होता. कोपऱ्यात गव्हाची पोती होती. पोतं उचलणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून बादलीने घालायला सुरुवात केली. एक बादली, दुसरी, तिसरी. मधे एकदा पेटी तळाला गेली आणि दगड क्षणभर एकमेकांना लागले. कर्कश आवाज झाला आणि जळक्या दगडाचा वास आला. मी पुढची बादली अक्षरशः फेकली.

खालून ह्यांचा आवाज आला. "अगं, खाली ये! लोकांना बाहेर काढलंय मी, तूही ये!"

"पेटी रिकामी होईल!" मी ओरडले.

"होऊ दे रिकामी!"

मी पुन्हा पोत्याकडे वळले. थोड्या वेळाने जिन्यावर धापा टाकण्याचा आवाज आला आणि हे वर आले. माझ्याकडे बघितलं, दुसरी बादली उचलली. आम्ही दोघं आळीपाळीने घालत राहिलो. बाहेर मिलर शहात्तराव्या वर्षी त्या वाऱ्यात कठड्याशी वाकून साखळी सोडवत होता, आणि आम्हाला तो दिसतही नव्हता.

मग आवाज उतरला. आधी मला तो भास वाटला. मग पायाखालची थरथर कमी झाली, पात्यांची सावली खिडकीवरून सावकाश जायला लागली, आणि शेवटी ब्रेकची करकर ऐकू आली. गिरणी थांबली. एवढी शांतता झाली की खाली पार्किंगमध्ये एक लहान मुलगी "पुन्हा कधी सुरू होणार?" असं विचारत होती ते आम्हाला वर ऐकू आलं.

मिलर आत आला तेव्हा पावसाने भिजून चिंब झाला होता, तळहात साखळीने सोलवटले होते. आमच्या दोघांच्या हातात अजून बादल्या होत्या. त्याने पेटीत डोकावून बघितलं, ती काठोकाठ भरलेली होती. "हम्म," तो म्हणाला. तो सूर मी पूर्वी ऐकला नव्हता. मग त्याने आम्हा दोघांना चहा करून दिला, साखर न विचारता तीन-तीन चमचे. एका पात्याच्या चार झडपा मोडल्या होत्या, बाकी काही नाही. घरी आल्यावर ह्यांनी खिचडी टाकली आणि मी टेबलाशीच झोपून गेले.

पण दगड एकमेकांना घासले होते ते निस्तरावं लागणारच होतं. पुढच्या दळणात पीठ पुन्हा गरम यायला लागलं, आणि स्क्रू कितीही फिरवला तरी एक तर जाडसर यायचं नाही तर जळकं. तेव्हा मिलरने मला खरी गोष्ट सांगितली. दगडांना टाकी लावून तीन वर्षं झाली होती. दगडावरच्या खाचा झिजल्या की त्या छिन्नीने पुन्हा कोराव्या लागतात. ते काम करणारा माणूस दुसऱ्या काउंटीतून यायचा, तो आता थकला. मिलरच्या स्वतःच्या बोटांत संधिवात. "म्हणून मी दगड जवळ आणून काम भागवत होतो," तो खाली मान घालून म्हणाला. "तुम्ही पहिल्या दिवशी पकडलंत."

"मी करते," मी म्हणाले.

"तुम्ही केलंय कधी?"

"नाही. पण शंभर वेळा बघितलंय."

अण्णा दर पंधरा दिवसांनी दुपारी गिरणी बंद करून टाकी लावायचे. शेजारी बसून गेरूची पट्टी धरायचं काम माझं. लाकडी पट्टीला गेरू फासून दगडावरून फिरवायची, जिथे लाल डाग उठेल तो भाग उंच, तेवढाच ठोकायचा. हे मी मिलरला सांगितलं तेव्हा तो कपाटाकडे गेला आणि एक लांब लाकडी पट्टी घेऊन आला. तिच्या कडेला लाल रंग वाळलेला होता. आम्ही दोघंही ती पट्टी हातात धरून वेड्यासारखे हसलो.

जानेवारीत गिरणी बंद असते. हुकाच्या छोट्या क्रेनने टनभर वजनाचा वरचा दगड उचलून उलटा टाकला. खाली गोणपाट, कोपराखाली कोंड्याची उशी, अंगात दोन स्वेटर. कुशीवर पडून मी टाकी चालवायला लागले. हातोडीसारख्या लाकडी दांड्यात पोलादी पातं बसवलेलं असतं, त्याने टक टक टक करत एकेक बारीक रेघ काढायची. पहिल्या तासात मी एक खाच वाकडी केली. "हम्म," मिलर म्हणाला, आणि स्वतःच्या वाकड्या बोटांनी माझं मनगट धरून कोन बदलून दिला. "मनगट नाही. वजनाने पडू द्या." अण्णा हेच म्हणायचे, फक्त शिवी घालून. ह्यांनी कारखान्यातून टाकीच्या पात्यांना धार लावून आणायचं काम घेतलं. चार वीकेंड गेले. माझ्या डाव्या हाताच्या पाठीवर पोलादाचे बारीक काळे कण रुतले, ते अजून आहेत. मिलरने शर्टाची बाही वर करून त्याचे दाखवले. पूर्वी टाकीवाल्याला काम देण्याआधी त्याचा हात बघायचे म्हणे. कण नसतील तर तो नवखा.

तिसऱ्या शनिवारी, दगड अर्धा झालेला असताना, मी बार्शीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपारचे साडेतीन वाजले होते. अण्णा सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत, गिरणी आता भाऊ बघतो. आयुष्यभर दगडांच्या आवाजात राहून त्यांना ऐकू कमी येतं. भावाने फोन त्यांच्या नाकाशी धरला.

"अण्णा, ही बघा इथली गिरणी. वाऱ्यावर चालते. मी टाकी लावतेय."

"कोण लावतंय?"

"मी!"

त्यांनी बराच वेळ पडद्याकडे बघितलं. मी फोन दगडावरून सावकाश फिरवला. मला वाटलं ते काहीतरी भावुक बोलतील.

"त्या कडेच्या खाचा उथळ हायत्या," अण्णा म्हणाले. "अजून दोन घाव घाल. आन मधे लई ठोकू नको, मधनं पीठ निसटंल."

मी मिलरला सांगितलं. तो गुडघ्यावर बसून कडेची खाच चाचपायला लागला आणि मान हलवत म्हणाला, "He's right." मग त्याने फोन हातात घेतला आणि मोठ्याने, सावकाश, इंग्रजीत अण्णांना नमस्कार केला. अण्णांनी मला विचारलं, "ह्यास्नी इचार, वारं नसलं तर गिऱ्हाईक काय करतंय?"

मी भाषांतर केलं. मिलर म्हणाला, "Waits."

"आमच्याकडं लाइट गेल्यावर तेच," अण्णा म्हणाले आणि दात नसलेल्या तोंडाने खदखदून हसले. मी तेही सांगितलं, मग मिलर हसला. पुढची दहा मिनिटं मला काही भाषांतर करावं लागलं नाही. मिलर दगडाचे भाग दाखवत होता, अण्णा बोटांनी हवेत खाचांचे कोन काढत होते, आणि कोण काय म्हणतंय हे दोघांनाही कळत होतं.

फोन ठेवायच्या आधी मी म्हणाले, "अण्णा, मी इकडे कुणाला सांगितलं नव्हतं. गिरणीचं."

त्यांना ऐकू आलं नाही. भावाने कानात ओरडून सांगितलं. "मग आता सांग की," ते म्हणाले. "न्हाईतर लोकास्नी वाटंल, हिला कुणी शिकवलं?"

मार्चमध्ये नव्या टाकीच्या दगडावर पहिलं दळण निघालं. पीठ थंड, मऊ, कोंडा मोठ्या पापुद्र्यांनी सुटलेला. मिलरने ते चोळलं आणि चिमूटभर खिशात टाकलं, का ते मी विचारलं नाही. त्याच आठवड्यात लेक लेस्टरमार्गे येताना दहा किलो ज्वारी घेऊन आली. "विकायचा नाही, आपल्यालाच," ती म्हणाली. तिने मिलरला आधीच ईमेल करून परवानगी काढली होती. सुरुवातीचं गव्हात मिसळलेलं पीठ शेजाऱ्याच्या कोंबड्यांना गेलं, नंतरचं शुभ्र आलं. खालच्या छोट्या किचनमध्ये मी भाकऱ्या थापल्या. बऱ्याच वर्षांनी भाकरी न चिरता फिरली. विकतच्या पिठाची कधी फिरायची नाही, आणि मी आपल्या हाताला दोष देत आले होते. मिलरने पहिला घास वांग्याच्या भाजीबरोबर खाल्ला, दुसऱ्याला लोणी मागितलं आणि तिसऱ्या भाकरीला मार्मालेड लावलं. लेकीला ते पटलं नाही. त्याला फार पटलं.

आता मंडळातली चार-पाच कुटुंबं अधूनमधून लेस्टरहून येतात, पिकनिक म्हणून. त्यांना मी वर नेते आणि सांगते, की मी बार्शीच्या गिरणीवाल्याची मुलगी. एक बाई हळूच म्हणाल्या की त्यांचे वडील केशकर्तनालय चालवायचे, आणि मग आम्ही दोघी सज्ज्यात उभ्या राहून बराच वेळ बोलत होतो.

गेल्या महिन्यात मिलरचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस त्याला धूळ वर्ज्य, म्हणजे गिरणी वर्ज्य. त्या शनिवारी साखळी पहिल्यांदा मी एकटीने ओढली. वारा अगदीच नावाला होता. पाती एक फेरा घ्यायची, विचार करायची, दुसरा घ्यायची. दुपारपर्यंत जेमतेम अकरा किलो पीठ पडलं आणि दोनच पाहुणे आले, एक जोडपं, वाट चुकलेलं. अडीच वाजता वारा पूर्ण पडला. मी ब्रेक लावला, हे काउंटर बंद करून आले, आणि आम्ही पायरीवर उन्हात बसून चीज-चटणीची सँडविचेस खाल्ली. थोड्या वेळाने काळा चष्मा लावलेला मिलर रस्त्याच्या पलीकडे येऊन उभा राहिला. आत यायची मनाई होती, रस्त्यावर उभं राहायची नव्हती.

"किती झालं?" तो तिथून ओरडला.

"अकरा किलो!"

"वाईट नाही," तो म्हणाला, आणि हात हलवून सावकाश घराकडे निघाला. ह्यांनी उरलेलं अर्धं सँडविच माझ्यापुढे केलं.